देणाऱ्याच्या शेजारची खुर्ची

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: "मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं आहे आणि वाशीतल्या एका संस्थेत सहा वर्षं काम करते. ठाण्यातल्या एका मोठ्या उद्योजक कुटुंबानं त्यांच्या देणग्यांचं काम बघायला सल्लागार म्हणून मला विचारलं आहे. पगार आत्ताच्या तिप्पट. पण तिथे दिवसभर करायचं काय असतं, आणि त्या बाजूला गेलं की आपलं काय होतं, हे सांगणारं कोणी भेटत नाही. हे काम घ्यावं का?"

मी हे काम ठाण्यात सतरा वर्षं करते आहे. त्याआधी मुरबाडच्या एका संस्थेत हिशेबनीस होते, म्हणजे देणगीदाराच्या दारात फाइल घेऊन बसण्याचा अनुभवही गाठीला आहे. ज्यांच्यासाठी काम करते त्यांना इथे नुसतं साहेब म्हणते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्यांचा कारखाना होता. तो विकला, मुलं बाहेरच्या देशात स्थिरावली, आणि हाती आलेल्या पैशाचं काय करायचं हा प्रश्न घेऊन ते नौपाड्यातल्या घरात बसले होते, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

घ्या हे काम. मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून मनात ठेवा. माणसाकडे पैसा वाढला की त्याला खरं सांगणारी माणसं कमी होतात, आणि तुम्ही त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलात की तुम्हालाही खरं सांगणं थांबतं. कालपर्यंत ज्या मैत्रिणी "आमच्याकडे तीन महिने पगार झाले नाहीत गं" म्हणून रडायच्या, त्या उद्यापासून तुम्हाला "सगळं छान चाललंय" सांगतील. ह्या नोकरीतलं बाकी सगळं शिकता येतं. आपल्यापर्यंत खरं पोहोचायची वाट उघडी ठेवणं, हेच सगळ्यात अवघड. ते मी कसं शिकले ते सांगते.

शहापूर तालुक्यात मुलींचं एक वसतिगृह आहे. भातसा, तानसा, मोडक सागर ही धरणं ह्याच तालुक्यातली. मुंबई-ठाण्याचे नळ त्यांच्यावर चालतात, आणि एप्रिल-मेमध्ये तिथल्या पाड्यांवर टँकर येतो. साहेबांनी हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं तेव्हा दोन दिवस त्यांचं कशात लक्ष लागलं नाही. "पोरींना शुद्ध पाणी मिळालंच पाहिजे," एवढंच म्हणत राहिले. आम्ही आरओचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं, मोठं यंत्र बसवलं. नारळ फुटला, ग्रॅनाइटची पाटी लागली. दर सहा महिन्यांनी मी अहवाल मागवायचे. त्यात असायचं, यंत्र उत्तम चालू आहे, मुलींच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या आहेत. सोबत फोटो. दोन वर्षं मी ते अहवाल वाचले आणि फायलीला लावले.

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये दुसऱ्याच कामाला आसनगावला उतरले होते. काम लवकर आटोपलं म्हणून न कळवता वसतिगृहावर गेले. अधीक्षक तालुक्याला गेलेले. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन बसले. मोठ्या पातेल्यात भात रटरटत होता, मावशी पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मीही मूठभर पाकळ्या पुढे ओढल्या. यंत्राचं विचारलं तर हात न थांबवता म्हणाल्या, "ते व्हय? पावसात चालवतात कधी कधी. आता कोण चालवल, ताई? दोन हंडे वतावं तवा एक हंडा देतं. बाकीचं त्या पाइपातनं गटारात. पोरी खालच्या विहिरीवरनं डोक्यावर पाणी आणतात, ते गटारात सोडायचं का?"

मागच्या बाजूला नेऊन त्यांनी तो पांढरा पाइप दाखवला. कोणीतरी शहाणपणानं त्याच्याखाली प्लास्टिकची बादली ठेवली होती, तिच्या तळाला पांढरट खर साचली होती. यंत्राच्या वर नवा फिल्टर खोक्यासकट तसाच पडलेला. यंत्र पुसलेलं, लखलखीत. माझ्या अहवालातल्या फोटोंमध्ये दिसायचं तसंच.

नंतर मी त्या विहिरीच्या पाण्याची तपासणी करून घेतली. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम धरतात, हे पाणी त्याच्या पुष्कळ खाली होतं. म्हणजे आरओची तिथे गरजच नव्हती. धोका जंतूंचा होता, आणि त्याला क्लोरिनची मात्रा नि झाकलेली टाकी पुरली असती. ही तपासणी यंत्राच्या आधी करायला हवी होती, आणि ती करून घेणं माझं काम होतं.

अधीक्षकांना फोन केला तर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, तक्रार केली असती तर पुढच्या वर्षीचं धान्य थांबलं असतं." आम्ही असं कधी म्हणालो नव्हतो. पण तसं होणार नाही असंही कधी सांगितलं नव्हतं, आणि ज्याच्या अंगणात साठ पोरी जेवायला बसतात त्यानं असली जोखीम का घ्यावी?

पुढच्या गुरुवारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एकच प्रश्न विचारला: "ताई, दोन वर्षं तुम्ही काय वाचत होतात?" त्या प्रश्नानं माझी काम करायची पद्धत बदलली.

तेव्हापासून मी पहिल्याच बैठकीत प्रत्येक संस्थेला सांगते की वाईट बातमी कळवल्यामुळे आमचा पैसा थांबणार नाही, लपवल्यामुळे थांबू शकेल. सांगून विश्वास बसत नाही, त्याला दोन-तीन वर्षं लागतात. एका संस्थेनं कळवलं की शिलाई वर्ग फसला, बायका येत नाहीत. आम्ही उरलेले पैसे परत मागितले नाहीत, "ह्याचं काय करूया, तुम्हीच सांगा" म्हटलं. ही गोष्ट इतर संस्थांपर्यंत आपोआप गेली. माझ्या कोणत्याही पत्रापेक्षा तिचा उपयोग जास्त झाला.

आणि भेटीला गेलात की स्वागत बंद करा. हे फार मनापासून सांगते. मुलांना उन्हात रांगेत बसवून ठेवलेलं असतं, स्वागतगीत बसवलेलं असतं, गुलाबाचं फूल असतं. त्या दिवशी शाळा बुडालेली असते. आधीच कळवा की फूल नको, गीत नको, वर्ग चालू ठेवा. तरी करतात. मग तिथेच हात जोडून मुलांना वर्गात पाठवा आणि स्वतः कोपऱ्यात बसून घ्या. संस्थाचालकांशी बोलायचं असतंच, पण मावशी, चालक, कारकून ह्यांच्याबरोबर चहा घेतल्याशिवाय परत फिरू नका.

दिवस कसा जातो हेही विचारलंत. बराचसा कागदांत जातो. आठवड्याला पंधरा-वीस अर्ज येतात. सणासुदीला जास्त. मी प्रत्येकाला पंधरा दिवसांच्या आत उत्तर देते, आणि नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणते. "विचाराधीन आहे" हे शब्द मी हिशेबनीस असताना इतके वाचले आहेत की स्वतः कधीच लिहीत नाही. लवकर नकार मिळाला तर माणूस दुसऱ्या दाराशी जाऊ शकतो. चार महिने झुलवून दिलेला नकार त्याचं वर्षच खातो. चाळीस पानांचा खास आमच्यासाठीचा प्रस्तावही मी मागत नाही. त्यांचा छापील वार्षिक अहवाल आणि तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाठवा म्हणते.

कागद वाचायला मात्र नीट शिका. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा दाखला सगळेच देतात. तुम्ही परिशिष्ट 1 चा ताजा उतारा मागा. त्यावर विश्वस्तांची जी नावं असतात ती आणि तुमच्यासमोर बसलेली माणसं एकच आहेत का, ते पाहा. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा असतो. आपल्याकडे कितीतरी न्यासांचे बदल अहवाल वर्षानुवर्षं प्रलंबित असतात, आणि उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं चालू असतात. ह्याचा अर्थ संस्था खोटी असा काढू नका. बरेचदा चांगली माणसं कामात असतात आणि कागद मागे राहिलेला असतो. अशा वेळी आम्ही आधी एका वकिलाची फी देतो, त्यांचा बदल अहवाल मार्गी लावतो आणि मग देणगीचं बोलतो. त्या फीचा फोटो निघत नाही, पण पुढे विश्वस्तांत वाद झाला तर तोच कागद संस्थेला वाचवतो.

ताळेबंदात मी पहिल्यांदा पगार आणि भविष्य निर्वाह निधी बघते. इमारत निधीत मोठी रक्कम आणि शिक्षकांचा पगार तुटपुंजा असेल तर देणगीदारांनी त्या संस्थेला वाकडं वळण लावलेलं असतं. तुमची स्वतःची संस्थाही कदाचित अशीच असेल. इमारतीला पैसे मिळतात, माणसांना मिळत नाहीत. कंपन्यांचे लोक वर "नियमात पाच टक्क्यांपेक्षा जास्त प्रशासकीय खर्च बसत नाही" म्हणून हात वर करतात. तो नियम नीट वाचा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीनं स्वतःचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, विभाग चालवण्यावर केलेल्या खर्चाला आहे. गावात जाऊन शिकवणाऱ्या बाईचा पगार हा त्या प्रकल्पाचाच खर्च आहे. हे मी किती बैठकांत समजावलं असेल!

साहेबांचा पैसा वैयक्तिक, त्यामुळे 2013 च्या कंपनी कायद्यातलं, नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्च करायचं बंधन आम्हाला लागू नाही. तुमच्या कुटुंबाची कंपनी अजून चालू असेल तर कंपनीचा पैसा आणि घरचा पैसा ह्यांची खाती पहिल्याच महिन्यात वेगळी करून घ्या. करसवलतीचं फार मनावर घेऊ नका, ते सनदी लेखापालांचं काम. एवढं ठाऊक असू द्या की 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही आणि नवी करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला देणगीवरच्या सवलतीचा फायदा मिळत नाही. ज्यांना फक्त सवलतीसाठी द्यायचं होतं ते त्यानंतर थांबले. साहेब थांबले नाहीत, म्हणून मी अजून त्यांच्याकडे आहे.

एक पेच ठाण्यातल्या घराघरांत येतो, म्हणून सांगून ठेवते. मुलगी अमेरिकेत आहे आणि तिला गावच्या शाळेला पैसे पाठवायचे आहेत. तिचं नागरिकत्व अजून भारताचं असेल तर तिच्या बचतीतून बँकेमार्फत आलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, जवळ ओसीआय कार्ड असेल, तर तोच पैसा परदेशी देणगी होतो. मग शाळेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. 2020 च्या दुरुस्तीपासून असा पैसा एका संस्थेनं घेऊन दुसरीला देताही येत नाही. "आपल्या ट्रस्टमध्ये टाकू, तिथून शाळेला देऊ" असं जेवणाच्या टेबलावर ठरतं, तेव्हा ते थांबवणारं माणूस तुम्ही असाल. मुलीला वाईट वाटतं. प्रेमानं समजवायचं.

आता साहेबांना नाही कसं म्हणायचं ते. तुमच्या पगाराचा मोठा भाग खरं तर ह्यासाठी असतो. एकदा त्यांनी ठरवलं की मोखाड्याच्या भागात रुग्णवाहिका द्यायची. वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, वडिलांच्या नावानं. मी त्या दिवशी हो-नाही काहीच म्हणाले नाही. घरी येऊन हिशेब मांडला. रुग्णवाहिका चोवीस तास चालवायची तर तीन पाळ्यांचे तीन चालक आणि सुट्टीच्या बदलीला चौथा. डिझेल, विमा, घाटातल्या रस्त्यावर झिजणारे टायर. गाडीची किंमत एकदाच मोजायची, हा खर्च मात्र दर वर्षी. आणि 2014 पासून राज्यात 108 ची सेवा आहे, तिची गाडी त्या भागात किती वेळात पोहोचते हे आम्हाला माहीतच नव्हतं. साहेबांना घेऊन गेले. तिथल्या परिचारिकेनं सांगितलं की अडचण गाडीपेक्षा आधीची आहे. पाड्यापासून रस्त्यापर्यंत बाईला झोळीत घालून आणावं लागतं, आणि पावसात ओढा आडवा येतो. म्हणून नववा महिना लागला की बाईला आधीच दवाखान्याजवळ आणून ठेवणं सोपं, पण नातेवाइकांनी राहायचं कुठे? परतताना गाडीत साहेब बराच वेळ बोलले नाहीत. कसारा मागे पडल्यावर म्हणाले, "मग दोन खोल्या भाड्यानं घेऊया का, जवळच?" घेतल्या. एक चूल, चार खाटा, आणि येणाऱ्यांची सोय बघणारी गावातली एक बाई, तिला पगार. वहिनींच्या वडिलांचं नाव तिथे छोट्या पाटीवर आहे.

पाटीला नावं ठेवू नका, हे ओघात सांगते. आपल्या क्षेत्रात देणगीदाराच्या पाटीवरून कुजबुज फार होते. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव लागलं. किती पिढ्यांच्या मुलींच्या पदवीवर ते नाव आहे. ठाण्याच्या सिव्हिल रुग्णालयाला विठ्ठल सायन्ना यांचं नाव आहे. आपल्या नावाची वास्तू पडझडीला आली तर घराण्याला लाज वाटते, आणि त्या लाजेतून दुरुस्तीचा पैसा येतो हे मी स्वतः पाहिलं आहे. माझा आग्रह एवढाच असतो की पाटीचा दगड बसवण्याच्या दिवशीच दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा बाजूला निघाला पाहिजे.

ह्या बाबतीत पोलादाच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या अँड्र्यू कार्नेगीची पद्धत मला फार आवडते. अमेरिकेत त्यानं दीड हजारांहून जास्त ग्रंथालयांच्या इमारतींना पैसे दिले. अट अशी की जागा गावानं द्यायची आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम गावानं दर वर्षी ग्रंथालय चालवायला घालायची. ही पत्रं, हे नकाशे, ह्या अटी सांभाळायचा तो जेम्स बर्ट्राम नावाचा त्याचा सचिव. नकाशात जागा वाया जाते आहे असं दिसलं की तो परत पाठवायचा. आपल्या पेशाचा हा माणूस. दुसरा फ्रेडरिक गेट्स, मूळचा धर्मोपदेशक, 1891 मध्ये तेलाच्या धंद्यातल्या रॉकफेलरकडे आला. रॉकफेलरला तेव्हा मागणाऱ्यांनी घरीदारी भंडावून सोडलं होतं. गेट्सनं एकेका अर्जाला चिल्लर देण्याची पद्धत हळूहळू बंद केली आणि मुळाशी जायला लावलं. 1901 मध्ये वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली. 1909 मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या हुकवर्मच्या, म्हणजे अनवाणी पायांतून शिरणाऱ्या जंताच्या, निर्मूलनासाठी दहा लाख डॉलर दिले गेले. त्यात पैशापेक्षा मोठं होतं ते संडास बांधायला आणि वापरायला लोकांना तयार करणं. गेट्स मोठा माणूस. पण त्याच्या पद्धतीत एक धोका मला दिसतो. मुळाशी जायच्या नादात दारातला माणूस दिसेनासा होतो. साहेब आणि मी ह्यावर अनेकदा भांडलो आहोत, आणि दर वर्षीच्या रकमेचा एक लहान भाग आम्ही दारातल्या माणसासाठीच ठेवतो.

त्यातले बहुतेक अर्ज आजारपणाचे असतात. इथे घाईनं चेक लिहिण्याआधी तुम्ही जे करू शकता त्याची किंमत चेकपेक्षा जास्त आहे. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. कित्येक कुटुंबांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, ते मंगळसूत्र मोडून आलेले असतात. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात फोन लावा, कागद पुरे करून द्या, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कसा मिळतो ते सांगा. उरलेली रक्कम द्या ती रुग्णालयाच्या नावानं. आणि औषधांचा खर्च, येण्याजाण्याचं भाडं, सोबत राहणाऱ्याचं जेवण ह्याबद्दल आपण होऊन विचारा. ते कोणी मागत नाही, आणि उपचार बरेचदा तिथेच तुटतात.

वर्गणीचं एक वाक्यात: दहीहंडी, गणपती, नवरात्र, ठाण्यात राहायचं तर मंडळांना वर्गणी द्यावीच लागते, तिची वर्षाची रक्कम घरखर्चातून ठरवून टाका आणि ट्रस्टच्या खात्याला तिचा हात लागू देऊ नका.

आता तुमचं काय होतं, ते. नातेवाईक बदलतात. मावसभाऊ देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती घेऊन येतो, आणि त्याला नाही म्हटलं की लग्नात बोलत नाही. ते सोसलं जातं. जास्त दुखतं ते जुन्या सहकाऱ्यांचं. मुरबाडला आम्ही एका डब्यात जेवलो, आणि आता मी खोलीत शिरले की त्या उठून उभ्या राहतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा परतीच्या एसटीत मी रडले होते. माझ्या जुन्या संस्थेच्या अर्जावर मी मत देत नाही, तो साहेब दुसऱ्या कोणाला दाखवतात. तुमच्या वाशीच्या संस्थेबाबत हे पहिल्याच दिवशी लिहून द्या. संस्थांकडून दिवाळीची मिठाईसुद्धा घेऊ नका. मी नाकारते तेव्हा समोरच्याला वाईट वाटतं हे दिसतं, तरी नाकारते. वाटलेल्या रकमेवर टक्केवारीनं मोबदला देऊ केला तर तिथून उठा. महिन्याचा ठरलेला पगारच घ्या.

आणि हळूहळू तुमच्या आत एक गोष्ट होते. साहेबांचा पैसा आपला वाटायला लागतो. "आम्ही शाळा बांधली" म्हणताना त्या "आम्ही"त तिथल्या शिक्षिका असतात का, हे तपासत राहा. मला हे वहिनींनी दाखवलं. एका कार्यक्रमानंतर हळूच म्हणाल्या, "ताई, आज तुम्ही त्यांच्यासारख्या बोललात." तेव्हापासून मी वर्षातले दहा दिवस एका संस्थेत राहते. त्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहून देते, दुसरं काही करत नाही. माझी जुनी कला आहे ती. तिथे मला कोणी मॅडम म्हणत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा त्या कुटुंबाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं देताना त्यांचे चेहरे नीट बघा. मागच्या वर्षी दिलेली कोणती देणगी वाया गेली असं त्यांना वाटतं? एखाद्या संस्थेला ते सलग तीन वर्षं, पगारासाठी, पैसे द्यायला तयार आहेत का, आणि थांबायचं झालं तर वर्षभर आधी कळवतील का? तुम्ही लेखी नकारात्मक मत दिलंत आणि त्यांना तरी द्यायचंच असेल, तर तुमचं मत फायलीत राहील का? पहिल्या प्रश्नाला "तसं काही नाही, सगळ्या चांगल्या होत्या" असं उत्तर आलं तर घाबरू नका. त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिसऱ्याला "नाही" आलं तर मात्र ती नोकरी घेऊ नका, पगार कितीही असो.

शहापूरच्या वसतिगृहातलं ते यंत्र आम्ही काढलं. पाणी खरंच खारं होतं अशा एका शाळेला ते दिलं. वसतिगृहाच्या छपराला पन्हळ लावून खाली झाकलेली मोठी टाकी बांधली. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, आणि तिथे पाऊस काही कमी नाही. क्लोरिनची मात्रा टाकायचं काम आठवीच्या मुली आळीपाळीनं करतात, भिंतीवर त्यांची वही टांगलेली आहे. पहिल्या वर्षी टाकी मार्चअखेर संपली. मावशींनी फोन करून सांगितलं, अधीक्षकांच्या आधी. दुसरी टाकी बांधायची की पन्हळ वाढवायची, हे बघायला मी येत्या सोमवारी सकाळच्या आसनगाव लोकलनं जाते आहे. नोकरीचा निर्णय घेण्याआधी यावंसं वाटलं तर या. लसूण सोलायला आणखी दोन हात मावशींना चालतील.